इंडस-2 वर बीमटाइम: निम्मं काम पुण्यातच होतं

झिंक फेराइटचे नॅनोकण मी पुण्यातच, आमच्या प्रयोगशाळेत बनवले. एक्सआरडीवरून, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून, रचना स्पिनेल (ऑक्सिजनच्या जाळीत धातूंचे अणू बसलेली) आहे हे कळलं. पण लोखंडाचे अणू चार ऑक्सिजनच्या मध्ये बसलेत की सहाच्या, याचा उलगडा होईना. त्यासाठी एक्साफ्स हवं, म्हणजे क्ष-किरणांचं शोषण मोजून अणूचे शेजारी ओळखायची पद्धत. आणि तिला सिंक्रोट्रॉन हवा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र. तो इंदूरला, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात. तिथल्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनची ऊर्जा 2.5 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि परीघ 172.5 मीटर.

तिथे बीमटाइम, म्हणजे प्रयोगासाठी क्ष-किरणांचा ठरावीक वेळ, मिळवायला अर्ज करावा लागतो. अर्जात खरा कस लागतो तो हे काम विभागातल्या यंत्रावर का होत नाही, ते पटवून देण्यात. "आधी एक्सआरडीत काय दिसलं ते मांड, मग बीम माग," माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या. आलेख जोडले तेव्हा कुठे अर्जाला वजन आलं. मंजुरीनंतर ओळखपत्र, विभागप्रमुखांचं पत्र वगैरे. केंद्र अणुऊर्जा विभागाचं आहे, तेव्हा कागद वेळेत पाठवलेले बरे.

माझा जीव सगळा पेलेटमध्ये, म्हणजे नमुन्याची पूड दाबून केलेल्या चकतीत, अडकला होता. एजवर, म्हणजे ज्या ऊर्जेला लोखंड अचानक जास्त क्ष-किरण शोषू लागतं तिथे, शोषणाची उडी साधारण 1 यावी, असा हिशेब करायचा. 15 मिमी व्यासाच्या पेलेटला जेमतेम 11 मिलिग्रॅम फेराइट लागतं. एवढ्याशा पुडीची चकती होणार कशी? म्हणून त्यात शंभरेक मिलिग्रॅम सेल्युलोज घालून अ‍ॅगेटच्या खलात घोटायचं. पांढरे ठिपके पार दिसेनासे होऊन एकसारखा फिकट विटकरी रंग येईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग हायड्रॉलिक प्रेस. निघालेली चकती दिव्यासमोर धरायची. टाचणीएवढा जरी उजेड आरपार आला तरी ती बाद. कारण त्या छिद्रातून क्ष-किरण न शोषले जाताच निसटतात आणि आलेख फसवा येतो.

इंदूरला इंडस-2 ची रिंग इलेक्ट्रॉनांनी भरताना पाहिली. मायक्रोट्रॉन या पहिल्या यंत्रातून 20 एमईव्हीचे (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) इलेक्ट्रॉन निघतात, बूस्टर या मधल्या रिंगमध्ये 550 एमईव्हीपर्यंत चढतात आणि मोठ्या रिंगमध्ये 2.5 जीईव्हीला पोचतात. हे आपल्या देशात उभं आहे आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यालाही खुलं आहे, याचा मला फार अभिमान वाटला.

आधी लोखंडाची फॉइल लावून 7112 इव्हीवर ऊर्जा जुळवली, मग नमुने. आलेखात एजच्या अलीकडे एक छोटा उंचवटा असतो, तो चार ऑक्सिजनमधल्या लोखंडात जास्त दिसतो. नॅनोकणांत तो ठळक निघाला, म्हणजे काही लोखंड चार ऑक्सिजनच्या जागी गेलेलं असणार. फिटिंग, म्हणजे आलेखाशी गणिती मॉडेल जुळवणं, अजून चालू आहे. जस्ताची एज 9659 इव्हीवर. तिच्यासाठी जास्त वजनाच्या पेलेट पुण्याहूनच करून नेल्या होत्या, त्यामुळे उरलेल्या वेळात त्याही मोजून झाल्या.