आईची खाट खाली, कॉम्प्युटर माडीवर

जूनमध्ये आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण सहा आठवडे तिनं एकटीनं उठायचं नव्हतं. तिची खाट खालच्या खोलीत लावली. माझं काम मात्र माडीवर. पंचवीसेक दुकानदारांचे हिशोब मी बघते. हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली, त्याचं लायसन्स वरच्या डेस्कटॉपवर, प्रिंटर त्याच्याच शेजारी. एका दुपारी मी वर असताना आई पाण्याचा तांब्या घ्यायला स्वतःच उठायला गेली. शेजारच्या काकू वेळेवर आल्या म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी ठरवलं, आता काम खाली आणायचं. खाटेजवळ लॅपटॉप घेऊन बसायचं आणि वरचा डेस्कटॉप तिथून चालवायचा.

विंडोजमध्येच रिमोट डेस्कटॉप असतो, वेगळं काही घ्यावं लागत नाही. फक्त ज्या मशीनमध्ये शिरायचं, त्यावर विंडोज प्रो लागतं. होम चालत नाही. जिथून शिरायचं, तिथे होम असलं तरी चालतं. माझा डेस्कटॉप प्रो होता, लॅपटॉप होम. सेटिंगमध्ये जाऊन रिमोट डेस्कटॉप चालू केला आणि लॅपटॉप वर नेऊन शेजारी ठेवूनच पाहिलं. पहिली अडचण पासवर्डची. रोज मी चार आकडी पिन टाकते, इथे पिन चालत नाही, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो टाकला तरी चुकीचाच म्हणे. वर्षानुवर्षं पिननेच उघडल्यामुळे त्या मशीनला माझा पासवर्ड ओळखीचाच नव्हता. डेस्कटॉपवर बसून एकदा पासवर्डने लॉगिन केलं आणि काम झालं. (काहीजण घरच्या मशीनला पासवर्डच ठेवत नाहीत. रिकाम्या पासवर्डने विंडोज रिमोटमधून आत घेत नाही.)

आनंदाने लॅपटॉप खाली आणला, आणि जोडणी होईना. दर वेळी तीच चौकट: रिमोट चालू नसेल, मशीन बंद असेल, किंवा नेटवर्कवर सापडत नसेल. तिन्ही खोटं वाटत होतं, कारण पाच मिनिटांपूर्वी वर सगळं चाललं होतं. लॅपटॉप वर नेला की चाले, खाली आणला की बंद.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, फायरवॉल बंद करून बघ." फायरवॉल म्हणजे बाहेरच्यांना मशीनमध्ये शिरू न देणारा पहारा. पाच मिनिटं बंद केली. फरक शून्य. लगेच परत चालू केली. गिऱ्हाइकांचे पॅन, बँकखाती त्या मशीनमध्ये आहेत, ते उघडं ठेवून मला झोप लागली नसती.

रात्री आईला औषध देऊन शांतपणे बसले. हिशोबात फरक आला की आपण शेवटचा आकडा पुसून बसत नाही, कुठल्या पानावर गडबड झाली ते शोधतो. तसंच करायचं ठरवलं. दोन्ही मशीनवर आयपीकॉन्फिग ही कमांड दिली, ती मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवते, आणि आकडे वहीत लिहिले. लॅपटॉप: १९२.१६८.१.६. डेस्कटॉप: १९२.१६८.०.१०४. तिसरा आकडा वेगळा! एकाच घरात दोन नेटवर्क कशी? मग लॅपटॉपच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड डेस्कटॉपचा पत्ता आणि ३३८९ हा पोर्ट देऊन चालवली. पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर, रिमोट डेस्कटॉप याच दारावर ऐकतो. उत्तर आलं, फॉल्स, म्हणजे तिथवर पोचताच येत नाही. लॅपटॉप माडीवर नेऊन तीच कमांड दिली, ट्रू.

उत्तर माडीवरच्या राउटरमध्ये होतं. फायबरवाल्यांचा राउटर खाली हॉलमध्ये आहे. वर रेंज येत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी जुना राउटर माडीवर लावला होता. खालून आलेली वायर त्याच्या निळ्या खाचेत, म्हणजे वॅन पोर्टमध्ये खोचलेली. त्यामुळे वरचा राउटर स्वतःचं वेगळं बिऱ्हाड थाटून बसला होता. त्याच्यामागची मशीन बाहेर जाऊ शकतात, त्यांना उत्तरही मिळतं, पण बाहेरून आपणहून कुणी आलं तर तो दार उघडत नाही. म्हणून वर बसून इंटरनेट छान चाले आणि तीन वर्षांत काही बिघडलं आहे असं कधी वाटलंच नाही.

उपाय अर्ध्या तासाचा होता. वरच्या राउटरच्या पानावर जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. खालचा राउटर १० पासून पुढचे पत्ते वाटेल असं आधी करून घेतलं, म्हणजे तो २ दुसऱ्या कुणाला देणार नाही. मग वरच्याचं डीएचसीपी बंद केलं, कारण पत्ते वाटणारा घरात एकच हवा. शेवटी वायर निळ्या खाचेतून काढून पिवळ्यात, लॅन पोर्टमध्ये घातली. काही राउटरमध्ये यासाठी ॲक्सेस पॉइंट मोड असतो, माझ्या जुन्यात नव्हता. दोन्ही मशीन बंद-चालू केली. डेस्कटॉपला नवा पत्ता मिळाला, १९२.१६८.१.१४. खाली येऊन परत तीच कमांड. ट्रू. पासवर्ड टाकला आणि लॅपटॉपवर माझा वरचा डेस्कटॉप उघडला, टॅलीसकट. मला खरंच रडू आलं.

पुढचे दोन दिवस किरकोळ गोष्टींत गेले. डेस्कटॉप अर्ध्या तासाने झोपायचा आणि मग सापडायचा नाही, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'कधीच नाही' केलं. पत्ता परत बदलू नये म्हणून खालच्या राउटरमध्ये १४ हा आकडा त्या मशीनसाठी राखून ठेवला. सांगलीत पावसाळ्यात वीज जाते-येते, त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं असा पर्याय निवडला. आणि हिशोबाचं काम करणाऱ्यांसाठी एक: डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) वरच्या मशीनला लावला तर रिमोटमध्ये दिसत नाही. तो हातातल्या लॅपटॉपला लावायचा, ड्रायव्हर दोन्हीकडे हवा.

भाचा म्हणाला होता, दवाखान्यात बसूनही काम करायचं तर राउटरमध्ये ३३८९ बाहेरून खुला कर. ते मी केलं नाही, तुम्हीही करू नका. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची फट सापडली होती, पासवर्डशिवाय आत शिरता येईल अशी. मायक्रोसॉफ्टला तेव्हा जुन्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. असं दार रस्त्यावर उघडं ठेवायचं नाही. बाहेरून हवं असेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे आपल्याच मशीनमधला खासगी बंद रस्ता, मग रिमोट. मी दोन्ही मशीनवर टेलस्केल नावाचं व्हीपीएन घातलं, दवाखान्याच्या बाकावरून दोनदा वापरलं.

२० जुलैला रात्री नऊ वाजता शेवटचं ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरलं. आई डोळे मिटून पडली होती. पावतीची प्रिंट दिली, आणि वर माडीवर प्रिंटर खडखडला. आई दचकून म्हणाली, "अगं, वर कोण आहे?"

"कुणी नाही गं, माझंच काम चाललंय," मी म्हणाले आणि तिचा हात हातात घेतला.