मंडईतून वर पाहिलं तर

सातारच्या मंडईत मेथीची जुडी निवडता निवडता मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. श्रावणात अर्धा ढगात बुडालेला, होळीनंतर गवत वाळून पिवळा पडलेला. लहानपणापासून मला वाटायचं, प्रत्येक शहराला असा एखादा डोंगर असतोच. पुढे शिक्षणासाठी बाहेर पडले तेव्हा कळलं की बहुतेक शहरांना तो नसतो.

त्यामुळे मागच्या जानेवारीत गुवाहाटीच्या मामांनी विचारलं, "एवढी फिरतेस, तर आपल्या देशात सगळ्यात सुंदर जागी वसलेलं शहर कुठलं ते सांग," तेव्हा माझं माप तयार होतं. तासाभराच्या अंतरावर धबधबा आहे, घाट आहे, ते धरायचं नाही. महाबळेश्वरसारखी थंड हवेची गावंही नकोत. जिथे लोक नोकरीधंद्याला राहतात, पोरं शाळेत घालतात, अशा शहरात रोजच्या जागी उभं राहून काय दिसतं, तेवढंच मोजायचं.

मामा मूळचे विट्याकडचे, गलाईवाले. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली, त्यातले हे तीस वर्षांपूर्वी ब्रह्मपुत्रेकाठी येऊन पोचले. "नदी बघायला चल," मी म्हणाले. मामा हसले. "अगं, आम्ही तिला आषाढात बघतो. किती वर चढलीय, एवढंच." पण आले बरोबर.

कचारी घाटावरून फेरीने उमानंदला गेलो. नदीच्या मधोमध हे चिमुकलं बेट, वर १६९४ मध्ये आसामच्या अहोम घराण्याचा राजा गदाधर सिंह याने बांधलेलं शिवमंदिर. थंडीत पाणी उतरलेलं असतं, वाळूचे लांबलचक पट्टे उघडे पडतात, तरी पलीकडचा काठ धुरकटच दिसतो. ब्रह्मपुत्रा इथे पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य नदीच्या अंगावरच उतरत येतो. पावणेपाचलाच संध्याकाळ झाली. पाणी तांब्याच्या घंगाळासारखं चकाकलं आणि फेरीवरचे कामावरून परतणारे लोकसुद्धा मोबाइल खाली ठेवून तिकडे पाहत राहिले.

नदीच्या खालच्या अंगाला सराईघाटाशी दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि एवढं अफाट पात्र आवळलं जातं. १६७१ मध्ये अहोम सेनापती लाचित बरफुकनने मोगलांचं आरमार तिथेच मोडलं. मोगलांचा सेनापती होता रामसिंह, मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा. आग्र्यात शिवाजी महाराज याच्याच जबाबदारीवर होते, आणि महाराज निसटल्यावर औरंगजेबाची मर्जी याच्यावरून उतरली. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ त्या अरुंद जागेकडे बघत राहिले. सह्याद्रीने आपल्यासाठी जे केलं, ते इथे नदीने केलं.

पण माझ्या मापाने गुवाहाटी मागे पडते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाजारात उभं राहिलं तर नदी दिसत नाही. हाकेच्या अंतरावर असूनही इमारतींच्या मागे गेली आहे. शहराने तिच्याकडे पाठ करून संसार थाटला आहे.

विशाखापट्टणमचं उलट. तिथे समुद्र सुटतच नाही. पूर्व घाटाच्या टेकड्या चालत चालत थेट बंगालच्या उपसागरापर्यंत येतात, आणि शहर त्यांच्या मधल्या खळग्यांत बसलंय. उत्तरेला कैलासगिरी, दक्षिणेला डॉल्फिन्स नोज. हा उंच कडा समुद्रात नाक खुपसून उभा आहे. त्याच्या आडोशामुळेच इथे बंदर होऊ शकलं. १९३३ पासून मोठी जहाजं त्याच्या पायाशी वळून आत शिरतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या माणसाला समुद्रात सूर्य बुडताना बघायची सवय. इथे तो समुद्रातून वर येतो, आणि ते बघायला पहाटे सारा बीच रोड चालणाऱ्यांनी भरलेला असतो. मी मात्र तिथून मासळी बंदरावर गेले, कारण माझी मंडई तीच. ट्रॉलर रिकामे होत होते. बायका पाट्या पुढ्यात घेऊन ओरडत होत्या. सुरमईला तेलुगूत वंजरम म्हणतात, हे मला एका मावशींनी मासा माझ्या नाकासमोर धरून शिकवलं. त्यांच्या खांद्यावरून पाहिलं तर समोर तोच कडा, आणि त्याच्या कुशीतून एक मालवाहू जहाज आवाज न करता सरकत होतं. माशाच्या ढिगाऱ्यामागे एखादी चाळ चालत जावी तसं. बराच वेळ मी तिथून हलले नाही.

१२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ या शहरावरच येऊन आदळलं. टेकड्यांवरची झाडं मुळासकट गेली. त्या मावशींना विचारलं तर त्यांनी फक्त हात आडवा फिरवला, सगळं झोपलं होतं म्हणून.

उदयपूर या यादीत सगळे धरतात. मी धरत नाही. शहर म्हणून ते अप्रतिम आहे, पण पिछोला माणसाने बांध घालून केलेला तलाव आहे. अरवलीच्या कोरड्या डोंगरात पाणी अडवून एवढी शोभा उभी करणाऱ्यांना माझा दंडवत; तो मान मात्र त्यांचा, जागेचा नव्हे.

गंगटोकला तीन दिवस ढगच होते. चौथ्या दिवशी पहाटे हॉटेलच्या पोऱ्याने दार ठोठावलं, आणि गच्चीवर गेले तर ८,५८६ मीटरचं कांचनगंगा आभाळात टांगलेलं. जमिनीशी त्याचा काही संबंध दिसेना. १९५५ मध्ये पहिल्यांदा वर पोचलेले गिर्यारोहक सिक्कीमच्या राजाला दिलेला शब्द पाळून शिखराच्या काही पावलं अलीकडेच थांबले होते. तो शब्द त्या पहाटे मला समजला. पण सात वाजता पुन्हा पडदा पडला. रोजच्या जगण्यात असा पाहुणा क्वचितच येतो.

आणि मग श्रीनगर.

ऑक्टोबरची सुरुवात होती. पहाटे पाचला अंधारातच शिकारा निघाला. वल्ह्याच्या थेंबांचा आवाज, दूर कुठेतरी अजान, आणि अंगात शिरणारी थंडी. तासाभरात उजाडू लागलं तेव्हा आम्ही भाजीबाजाराच्या मधोमध होतो. दल सरोवराच्या आतल्या भागात पहाटे हा बाजार पाण्यावरच भरतो. शंभरेक लांबट होड्या एकमेकींना घासत होत्या. भोपळे, मुळे, नवलकोल, हाक नावाची पालेभाजी, आणि नदरू, म्हणजे कमळकाकड्या, चिखल धुऊन जुड्या बांधलेल्या. होडीच्या टोकावर उकिडवं बसून माणसं घासाघीस करत होती. सौदा ठरला की माल या होडीतून त्या होडीत. बरीचशी भाजी सरोवरातच पिकलेली. पाणगवत आणि लव्हाळ्यांचे थर रचून त्यावर वाफे करतात, ते पाण्यावर तरंगतात. त्यांना राद म्हणतात, आणि दोरी बांधून ते दुसरीकडे ओढूनही नेता येतात.

मी मान वर केली. पूर्वेला झबरवनची रांग काळीनिळी, तिच्या कडेला सोन्याची किनार येऊ लागलेली. एका बाजूला शंकराचार्य टेकडी, दुसऱ्या बाजूला हरी पर्बतवरचा किल्ला. आणि हे सगळं होड्यांच्या मधल्या फटींतून पाण्यातही उलटं दिसत होतं. कुणी एक नदरूची जुडी फेकली की किल्ला थरथरायचा.

सात वाजेपर्यंत बाजार पांगला. मामांना तिथूनच फोन लावला. "मामा, ठरलं. इथे डोंगर मंडईतून दिसतो असं नाही, मंडईच त्यात भरते." मामा म्हणाले, "बरं. त्यांना विचार, पूर येतो का."

शिकाऱ्यावाल्या चाचांना विचारलं. त्यांनी वल्हं मांडीवर घेतलं. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलम फुटली तेव्हा शहराच्या कितीतरी वस्त्या आठवडाभर पाण्याखाली होत्या. जिथे पूर्वी पुराचं पाणी पसरून बसायचं त्या पाणथळ जागांवर कॉलन्या उभ्या राहिल्या होत्या, मग पाणी घरात शिरलं. सैन्याच्या बोटी येईपर्यंत मोहल्ल्यातल्या पोरांनी इथलेच शिकारे रस्त्यांवर नेले. राजबाग नावाच्या वस्तीत दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून माणसं उतरवून घेतली. हाउसबोटी पाण्याबरोबर वर उचलल्या गेल्या आणि घरं बुडालेले लोक त्यांत येऊन राहिले.

"याच शिकाऱ्यातून एका फेरीत अकरा जणं आणली," चाचा म्हणाले. मी बसले होते त्या गादीकडे त्यांनी बोट दाखवलं. "एक म्हातारी इथे बसली होती. घराकडे बघेना. पहाडाकडे तोंड करून बसली, काठ येईपर्यंत."

मग त्यांनी वल्हं पाण्यात घातलं, आणि मीही त्या बाजूला वळून बसले.