रंगाखालचा सांधा

गेल्या महिन्यात एका मुलाच्या इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीवरचं लेझर कोरीवकाम मी निम्म्यावर थांबवलं. लेझरवर असं सहसा कोणी करत नाही. पुन्हा सुरू करताना केसभर जरी सरकलं तरी दोन रेषा एकमेकींना भेटत नाहीत. तरी थांबवलं, आणि ती बॉडी अजून डोक्यातून जात नाही.

काम तीन भागांचं होतं. नेक प्लेटवर, म्हणजे मान बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर नाव, पिकगार्डवर, म्हणजे तारांखाली बॉडीवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर नक्षी आणि काळ्या बॉडीवर खांद्यापासून खाली उतरणारा पानांचा वेल. नेक प्लेट क्रोमची. कार्बन डायऑक्साइड लेझरची १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीची किरणं तिच्यावरून बहुतेक परत फिरतात, म्हणून ती कमी तरंगलांबीच्या फायबर लेझरवर उरकली. पिकगार्डला मात्र मी नाही म्हटलं. मुलाला गिटार विकणाऱ्याने ते ॲक्रिलिक म्हणून सांगितलं होतं. मी तांब्याची तार लाल तापवून त्याच्या कडेला आतून टेकवली आणि परत ज्योतीत धरली, तर ज्योत हिरवी झाली. म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. ते लेझरखाली जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो छातीत जातो आणि मशीनचे रेलही खातो. तरीही हे बिनदिक्कत करून देणारे लोक आहेत, आणि बाहेर त्यांनाच ‘सहकार्य करणारे’ म्हणतात. मला याची चीड येते.

बॉडीवर मी जीव ओतला होता. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीचा आकार, म्हणजे जिथे हात टेकतो तिथे कड उताराने तासलेली. दोन इंची लेन्सचा फोकस जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या उंचीत धारदार राहतो. त्यापलीकडे रेषा फुगते, पानाच्या शिरा एकमेकींत मिसळतात. लोकांना वाटतं, फाईल दिली की प्रिंटरसारखं छापून येतं. मी उताराची उंची जागोजागी मोजली, वेलाचे उंचीप्रमाणे पट्टे पाडले आणि दर पट्ट्याला मशीनचा बेड वेगळ्या उंचीवर लावला. पट्टे जिथे जुळतात तिथे पानाची कड येईल असं चित्र हलवलं, म्हणजे जोड दिसत नाही. बॉडी हलू नये म्हणून तिच्या आकाराचा जिग, म्हणजे ती घट्ट बसेल असा साचा कापला. रंग पॉलिएस्टरचा, जाड. पहिल्या पासमध्ये रंग काढायचा, दुसऱ्यात लाकूड हलकं भाजायचं. पिकगार्डखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर नमुना काढून पाहिला. लाकूड छान बदामी निघालं.

तिसऱ्या पट्ट्यात उजेड बदलला. लाकडावर जो ठिपका नारिंगी दिसतो तो एका जागी पांढरा झगझगायला लागला, आणि वासही लाकडाचा राहिला नाही. मी मशीन थांबवलं, झाकण उघडलं, ओल्या फडक्याने काजळी पुसली. पानाच्या मधोमध सरळ रेघ होती. रेघेच्या एका बाजूला बदामी लाकूड, दुसऱ्या बाजूला गडद, लाकडाच्या रेषा वेगळ्या दिशेच्या. आणि रेघेला लागून बोटाच्या पेराएवढी पुट्टी, लेझरने भाजून राखाडी भुकटी झालेली.

तुकडे जोडून केलेल्या बॉडीत काही वाईट नाही. चांगल्या गिटारीही तशाच बनतात आणि तशाच वाजतात. पण या मुलाला ती ‘एका अखंड फळीची’ म्हणून विकली होती. त्याने ते मला दोनदा सांगितलं होतं, कौतुकाने.

शेजारच्या गाळ्यातला मित्र म्हणाला, पुट्टी कोरून काढ, रंग भर, त्याला कशाला सांगतोस. हाताने तो कसबी आहे, पण हे त्याचं मला कधी पटलं नाही. मी मुलाला बोलावलं. त्याने रेघेवरून नख फिरवलं आणि विचारलं, “दादा, हे तुम्हाला आधी कळलं नसतं का?”

कळलं असतं. आतले खड्डे शील्डिंगच्या, म्हणजे विजेची गुणगुण अडवणाऱ्या काळ्या रंगाने माखलेले होते, तिथे लाकूड दिसत नव्हतं. मान बसते त्या खाचेचं, नेक पॉकेटचं लाकूड उघडं होतं, पण ते मधल्या तुकड्यात येतं. माझा नमुनाही तिथलाच. पण तो गेल्यावर मी दिवे बंद करून टॉर्च बॉडीला जवळजवळ आडवी टेकवली, तर रंगावर रेघ दिसली. सांध्यावर रंग केसाएवढा खाली बसला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक मिनिटाचं काम होतं. उतार मोजण्यात मी अर्धा दिवस घातला आणि हे एक मिनिट दिलं नाही.

त्याहून जास्त लागतं ते वेगळंच. पिकगार्डबद्दल त्या विकणाऱ्याचा शब्द मी मानला नाही, तार तापवून पाहिली. त्याच माणसाचा लाकडाबद्दलचा शब्द मी जसाच्या तसा घेतला, कारण पिकगार्डमध्ये माझी छाती आणि माझं मशीन होतं. लाकूड मुलाचं होतं.

मुलाला मी हे सगळं सांगितलं, पैसे घेतले नाहीत. पुट्टीच्या जागी त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवून वेल पुरा करता येईल, असंही म्हटलं. तो विचार करून सांगतो म्हणाला आणि बॉडी घेऊन गेला, विकणाऱ्याला दाखवायला.

अजून फोन नाही. जिग मी बेडवरून काढलेला नाही. लहान कामं त्याच्या उरलेल्या कोपऱ्यात बसवतो, मोठी दुसऱ्या मशीनवर नेतो. लेझर जिथून मोजायला लागतो त्या शून्य बिंदूची पेन्सिलीची खूण पुसट होत चालली होती, ती काल सुईने कोरून घेतली.