मंत्र्यांकडून लेख मिळवताना

दिवाळी अंकात दादरा-नगर हवेलीवरचा लेख विद्यमान मंत्र्यानंच लिहावा, असा माझा हट्ट होता. तारखा कुणीही देईल. पण एक राजवट जाऊन दुसरी येते तेव्हा दप्तर कुणाकडून कुणाकडे जातं, हे खुर्चीत बसलेल्या माणसानं सांगितलेलं वेगळं असतं. शिवाय तिथलं मुख्य शहर सिल्वासा नाशिकहून तसं जवळ. तिथंही पोर्तुगीजांचंच राज्य होतं; तरी पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला आठवतो तो गोवाच.

रीतसर पत्र दिलं, पोच घेतली. बऱ्याच दिवसांनी लेटरहेडवर आलं ते 'अंकास हार्दिक शुभेच्छा' आणि हसरा फोटो. फोन केला तर पीए म्हणाले, "साहेबांना वेळ कुठंय? तुम्हीच लिहा, सही मी घेऊन देतो." ही सोय पुष्कळ संपादकांना चालते. मला नको होती.

मग साहेब नाशिकला शासकीय विश्रामगृहावर मुक्कामी आहेत असं कळलं. सकाळी निवेदनवाल्यांच्या गर्दीत मीही उभा राहिलो. हातात एकच कागद, त्यावर एकच प्रश्न: २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं, भारतात विलीन झालं ११ ऑगस्ट १९६१ ला, मधली सात वर्षं तिथला कारभार तुमच्याकडे असता, तर आधी कशाला हात घातला असता? खाली थोडी माहिती. वरिष्ठ पंचायत या तिथल्या स्थानिक मंडळाचा कारभार. पोर्तुगीज तिकिटांवर 'मुक्त प्रदेश' अशा अर्थाचा इंग्रजी छाप मारून चालवलेलं टपाल. आणि बदलानी.

साहेबांनी बगलेत पुष्पगुच्छ धरूनच कागद वाचला. "हे बदलानी कोण?"

"आयएएस अधिकारी. विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या समोर तिकडून सही करायला सत्ताप्रमुख हवा होता. म्हणून त्यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं."

साहेब खळखळून हसले. पीएंना म्हणाले, "बघा, अधिकारी कुठवर जातात! यांना गाडीत घ्या."

घोटीपर्यंत ते बोलत होते, मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. भाषणबाजी अजिबात नाही. "आधी जमिनीचे कागद," ते म्हणाले. "तलाठ्याचं दप्तर ज्याच्या हातात, गाव त्याच्या हातात. झेंडा काय, रात्रीत बदलतो." दमणहून तिथं जायची वाट मिळावी म्हणून पोर्तुगालनं भारतावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला होता; त्यावरही ते नेमकं बोलले. एप्रिल १९६० च्या निकालानं पोर्तुगालला नागरिक आणि सामान नेण्यापुरती वाट मान्य केली, सैन्य आणि शस्त्रांना नाही. "सैन्य नेता येत नसेल तर त्या वाटेचा उपयोग काय? दिल्लीनं तोवर दम धरला, ते बरं केलं." हे त्यांचं मत, मला पटलं.

घोटीला उतरून एसटीनं परतलो. त्यांच्याच शब्दांत मजकूर उतरवून पाठवला. तो परत आला तेव्हा २०२० मध्ये दमण-दीवशी झालेल्या एकत्रीकरणावरचं त्यांचं वाक्य खोडलेलं होतं. मी वाद घातला नाही, कारण समासात त्यांनी स्वतःच्या अक्षरात तलाठ्याच्या दप्तरावर आणखी अर्धं पान लिहिलं होतं. तेवढं मी जसंच्या तसं छापलं.

मानधनाचा चेक पीएंनी परत पाठवला. सोबत निरोप: अंकाच्या पंचवीस प्रती मतदारसंघात पोहोचवा.