चिरेखाणीचा नकाशा: पाण्यावरचा फुगवटा अखेर उतरला

फुगवटा गेला! ड्रोनच्या फोटोंवरून केलेल्या खाणीच्या नकाशात जमीन मधोमध उगाच वर आलेली दिसायची, तो. काल रात्री दीड वाजता वेबओडीएमने (फोटो जोडून नकाशा करणारं सॉफ्टवेअर) नवा उंचीचा नकाशा काढून दिला आणि खाणीतल्या तळ्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट दिसली. दिवाळीपासून याच्याच मागे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवा ड्रोन कुठला घ्यायचा हा आपला चालू विषयही त्यातच येतो, कारण माझं मत मधल्या मध्ये दोनदा बदललं.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच: बेळगावजवळ जांबोटीच्या बाजूला मामांची चिऱ्याची खाण आहे. शेवटचे तीन-चार किलोमीटर मोबाइलला रेंज नाही. महिन्यातून एकदा जाऊन ६० मीटरवरून फोटो घ्यायचे, ते जोडायचे आणि किती ब्रास दगड निघाला ते मागच्या महिन्याच्या नकाशातून वजा करून काढायचं. ड्रोन तोच, डीजेआयचा २४९ ग्रॅमचा मिनी २.

दिवाळीनंतरचा नकाशा आधीच्या नकाशातून वजा केला तेव्हा पहिला धक्का बसला. खाणीच्या पश्चिमेच्या भागाला पावसाळ्यापासून कटर लागलेलाच नाही. तरी तो भाग मधोमध ३० सेंमी वर आलेला दिसत होता. आधी जीपीएसवर संशय घेतला. पण जीपीएस चुकला तर सगळा नकाशा एका बाजूला कलेल किंवा अख्खाच वर-खाली सरकेल. इथे दोन्ही टोकं खाली आणि मध्य वर, पालथ्या परातीसारखा.

मग लक्ष गेलं तळ्याकडे. जुन्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठून जवळजवळ ९० मीटर लांब पट्टा झालाय. पाण्याच्या पृष्ठभागावर सॉफ्टवेअरला धरायला खुणा मिळत नाहीत, तिथे नुसता गोंधळ दिसतो. पण कडेचा ओला लाल दगड स्वच्छ येतो. त्या कडेवर वीस ठिकाणी टिचकी मारून उंची बघितली, तर मधली कड टोकांपेक्षा ४० सेंमी वर! लॅपटॉप मामांना दाखवला. ते म्हणाले, "पाणी कधी टेकाडागत हुबं ऱ्हातंय व्हय रे?" त्या दिवसापासून तळ्याची कड हीच माझी कसोटी. तुमच्या साइटवर साचलेलं पाणी असेल तर आधी हे करून बघा, फुकट आहे.

कारण हुडकायला तीन आठवडे गेले. भिंगामुळे फोटोत येणारी वक्रता सॉफ्टवेअर फोटोंवरूनच अंदाजाने काढतं. सगळे फोटो एकाच उंचीवरून, सरळ खाली बघत काढलेले असले आणि जमीनही बऱ्यापैकी सपाट असली, तर वक्रतेच्या अंदाजातली बारीक चूक जमिनीत मुरते. फोटो एकमेकांशी छान जुळतात, रिपोर्टमध्ये चूक अर्ध्या पिक्सेलची दिसते, आणि जमीन मात्र वाकलेली असते. शेजारच्या फोटोंचा ओव्हरलॅप ७० वरून ८५ टक्के केला, उंची ४० मीटर केली, काही उपयोग नाही. प्रत्येक खेपेला फुगवटा वेगळा, म्हणून वजाबाकीत तो कटतही नव्हता.

याच काळात मला वाटू लागलं की दोष कॅमेऱ्याचा. छोट्या ड्रोनमध्ये सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. ड्रोन सेकंदाला ५ मीटर जात असेल आणि वाचायला सेकंदाचा तिसावा भाग लागला, तर फोटोच्या वरच्या आणि खालच्या ओळीत ड्रोन १६-१७ सेंमी पुढे गेलेला असतो. म्हणून मॅविक ३ एंटरप्राइझवर डोळा होता: ४/३ सेन्सर, २० मेगापिक्सेल, सगळ्या ओळी एकदम टिपणारं मेकॅनिकल शटर, वर आरटीके (सेंटिमीटरपर्यंत नेमकं जीपीएस) बसतं. पण थांबून फोटो काढत एक अख्खं उड्डाण केलं तरी फुगवटा तेवढाच! तेव्हा कळलं, शटर हा वेगळा आजार आहे.

औषध निघालं तिरक्या फोटोंचं. नेहमीच्या पूर्व-पश्चिम रांगा झाल्यावर गिंबल (कॅमेरा धरून फिरवणारा भाग) सरळ खाली न ठेवता ६५ अंशांवर आणला आणि दक्षिणोत्तर आडव्या रांगा मारल्या. एक्सपोजर लॉक, शटर १/१०००. एकूण २१२ फोटो, दोन बॅटऱ्या. कडेवरचा फरक ४० वरून ७ सेंमीवर आला. त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

उरलेले ७ सेंमी काढायला फोटोत दिसतील अशा, जागा आणि उंची मोजलेल्या खुणा जमिनीवर हव्या होत्या. लाल जांभ्यावर चुन्याच्या फुल्या मारल्या, पण पहाटेच्या दवाने त्या पसरल्या आणि मध्य कुठला तेच कळेना. मग खताच्या पांढऱ्या पिशव्या फूट-फूट कापून त्यावर काळ्या रंगाने चौकटी काढल्या, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. सात खुणा. अंतरं टेपने घेतली. उंचीसाठी खाणीवरच्या गवंड्याने आपली पारदर्शक लेव्हल नळी काढली. "मट्ट नोडोण," (कन्नडमध्ये, लेव्हल बघू या) म्हणत तो एका टोकाला उकिडवा बसला, मी दुसऱ्या टोकाला. नळीत एक बुडबुडा अडकला होता, तो बोटाने टिचक्या मारत वर सरकवेपर्यंत त्याने मला पेन्सिल टेकवू दिली नाही. दोन तासांत साती खुणा झाल्या. भाड्याने आणलेल्या महाग यंत्राशिवाय कडेवरचा फरक ३ सेंमीच्या आत!

आणि आता सगळ्यात गोड भाग. जुनी उड्डाणं वाया गेली असंच धरून चाललो होतो, त्यात तिरके फोटो एकही नव्हते. पण ड्रोन तोच, भिंग तेच. चांगल्या उड्डाणातून निघालेली कॅमेराज डॉट जेसन फाइल (भिंगाचे आकडे असलेली) जुन्या फोटोंच्या कामाला दिली आणि कॅमेऱ्याचे आकडे स्थिर ठेवण्याचा पर्याय चालू केला. तळ्याची कड सपाट आली आणि न कापलेला पश्चिमेचा भाग दोन्ही नकाशांत ४ सेंमीच्या आत जुळला. काल रात्री दीडला जे दिसलं ते हेच.

तर खरेदीचं काय? मोठा ड्रोन सध्या नाही. तयार विदेशी ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. मला एका विक्रेत्याने पावती मिळणार नाही असं तोंडावर सांगितलं, तिथून मी उठलो. त्याच्याकडचीच बॅटरी आधी घेतली होती, ती चौथ्या चार्जिंगला फुगली. पावती, सिरीयल नंबर नसेल तर घेऊ नका. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो आणि बिगरव्यावसायिक मायक्रो (त्याहून जड, २ किलोपर्यंतचा) यांना पायलट सर्टिफिकेट लागत नाही. उद्या कुणी पैसे देऊन काम सांगितलं तर मायक्रोला ते लागेल. बेळगाव शहरात सराव करणाऱ्यांनी सांबऱ्याचा विमानतळ विसरू नये. हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये हिरवा झोन (परवानगीशिवाय उडवता येतो तो) २०० फुटांपर्यंतच. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा बघूनच निघा. भीमगडच्या जंगलाकडे मी ड्रोन नेत नाही, तुम्हीही नेऊ नका.

साइटच्या कामाला नवा ड्रोन बघताना मी आता पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा विचारणार नाही. आपण वापरतो त्या ग्रिडच्या (उड्डाणाच्या रांगा आखून देणाऱ्या) ॲपमध्ये तो चालतो का, गिंबलचा कोन मोहिमेत आधी ठरवता येतो का, रेंज नसताना नकाशा साठवून उडतो का, हे आधी. मिनी ४ प्रो यासाठी मनात होता, त्यात वेपॉइंट (आधी ठरवलेल्या ठिकाणांवरून आपोआप उडणं) आहेत आणि चारी बाजूंचे सेन्सरही. पण लिहिता लिहिता वाटतंय, त्या पैशांत मिनी २ च्या दोन नव्या बॅटऱ्या आणि लॅपटॉपची रॅम आधी. २१२ फोटोंना १६ जीबी पुरते, खाण वाढली की नाही पुरणार.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. मार्चपर्यंत तळं आटेल आणि माझी कसोटीच जाईल. खताच्या पिशव्याही उन्हाने तडकतील. म्हणून रविवारी जाऊन पश्चिमेच्या न कापायच्या दगडावर छिन्नीने सात फुल्या कोरून घेणार आहे, आणि पाणी आहे तोवर त्यांची उंची तळ्याच्या कडेवरून लेव्हल नळीने पुन्हा एकदा पक्की करणार. गवंड्याला निरोप गेलाय.