तुम्ही विचारलंत म्हणून : आठ दिवस एवढ्याशा बेटावर केलंत काय?

हा प्रश्न मला शेजारणींनी जिन्यात गाठून विचारलाय, भिशीत विचारलाय, नणंदेच्या नातवाच्या बारशात तर तिघींनी विचारला. "एवढ्या लांब गेलात आणि आठच्या आठ दिवस एकाच बेटावर? रोम नाही, व्हेनिस नाही? कंटाळा नाही आला?" उभ्या उभ्या मी दर वेळी "नाही हो, छान वाटलं" एवढंच म्हणते. तेवढ्याने माझंच समाधान होत नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे.

बेटाचं नाव गोझो. सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा नावाचा छोटा देश आहे, त्यातलं हे दुसरं बेट. लांबी साधारण १४ किलोमीटर, रुंदी ७. क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई जेवढी, जवळजवळ तेवढंच. पण राहणारी माणसं चाळीस हजारांच्या आसपास. २०२३ साली आम्ही लेकीकडे जर्मनीला महिनाभर राहिलो होतो. व्हिसा तोच चालणार होता, तिथून विमानही सरळ होतं. लेक म्हणाली, "आईबाबा, तुम्ही दोघंच कुठेतरी जाऊन या." त्याआधी एकदा आम्ही दहा दिवसांत सात शहरं केली होती. त्यातलं मला आठवतं ते बॅगा भरणं आणि पहाटेचे गजर. शिवाय ह्यांचा उजवा गुडघा दुखतो. म्हणून या वेळी ठरवलं की बॅग एकदाच उघडायची. ह्यांची अट एकच होती, चतुर्थीच्या आधी घरी पोचायचं. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होते. आम्ही चार तारखेला गोझोत उतरलो आणि बाराला निघालो.

माल्टाच्या चिरकेवा धक्क्यावरून मोठी फेरीबोट सुटते, पंचवीसेक मिनिटांत गोझोच्या इमजार बंदरात लावते. जाताना कोणी तिकीट विचारलं नाही. पैसे परतताना द्यायचे. बंदरातल्या लहान होड्या निळ्या, पिवळ्या, लाल रंगांच्या, आणि नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले. हे वेंगुर्ल्याकडचे. लहानपणापासून होड्यांत वावरलेले. बॅग खाली ठेवून ते त्या होड्या बघत राहिले आणि बस आमच्यासमोरून निघून गेली. पुढच्या बसला चांगला पाऊण तास होता. खरं सांगते, त्या पाऊण तासातच माझी सुट्टी सुरू झाली. आम्हाला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं.

राहायला शारा नावाच्या गावात एक जुनं घर मिळालं होतं. तिथली सगळी घरं एकाच दगडाची, मधाच्या रंगाच्या चुनखडीची. आमच्याकडे जसा जांभा, तसा त्यांचा तो. जिथे खणायचा तिथेच चिरे पाडायचे आणि तिथेच घर बांधायचं. सकाळी तो दगड फिकट पिवळा दिसतो, संध्याकाळी खरपूस भाजलेल्या भाकरीसारखा.

घरमालकीण सत्तरीची. इंग्रजी उत्तम, कारण १९६४ पर्यंत तिथे इंग्रजांचं राज्य होतं. गाड्याही आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. पण तिची स्वतःची भाषा माल्टी. मूळ अरबी घराण्यातली, इटालियन शब्दांनी भरलेली आणि रोमन लिपीत लिहिली जाणारी. एका सकाळी ती शेजारणीशी अंगणात बोलत होती आणि मला तिच्या बोलण्यात 'दिन्या' ऐकू आलं. विचारलं, तर त्याचा अर्थ दुनिया! मग मी वहीच काढली. वर्षाला ते 'सेना' म्हणतात, आपण 'सन १९३०' लिहितो तोच हा सन. सदऱ्याला त्यांचा जो शब्द आहे तो म्हणजे आपल्या आजोबांचं खमीस, फक्त पहिलं अक्षर ते जवळजवळ गळ्यातच ठेवतात. अरबी शब्द एका बाजूने आमच्याकडे आले, दुसऱ्या बाजूने तिच्याकडे गेले आणि त्या अंगणात आम्ही दोघींनी ते एकमेकींना दाखवले. निरोप घेताना ती 'सह्हा' म्हणायची. म्हणजे तब्येत सांभाळा.

न्याहारीला तिने एकदा पावाच्या जाड कापावर टोमॅटोचा आटवलेला लगदा, ऑलिव्हचं तेल, मेंढीच्या दुधाचं छोटं वाटोळं चीज आणि वर मिठातल्या हिरव्या कळ्या घालून दिल्या. चिजाला ते 'जबेयना' म्हणतात. त्या कळ्या केपरच्या. झुडूप तिच्या कुंपणाच्या भिंतीतूनच उगवलेलं. पान आणि फूल पाहून मी चमकले, कारण आषाढी द्वादशीला आपण ज्या वाघाटीची भाजी करतो तिच्याच कुळातलं हे झुडूप. आपण फळ खातो, ते कळी खातात.

बघायचं ते बघितलंच. शाराच्या टोकालाच जगंतिया आहे, दगडी मंदिरं, इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची. गिझाच्या पिरॅमिडहून हजार वर्षं जुनी. काही शिळा पाच मीटरहून लांब, पन्नास टनांहून जड. कोणी कशा उभ्या केल्या? तिथले लोक सांगतात, एका राक्षसिणीने, कडेवर मूल घेऊन. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत बांधलेली देवळं असतात ना, तसंच हे. पण कडेवर मूल घेऊन काम करणारी बाई बांधकाम करते ही कल्पना मला पांडवांहून आवडली. मी तिथे सावलीत बराच वेळ बसून राहिले.

राजधानीच्या गावाचं नाव व्हिक्टोरिया. १८८७ मध्ये राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ते दिलं, पण लोक अजून राबातच म्हणतात. गावाच्या डोक्यावर किल्ला. तटावर चढलात की अख्खं बेट चारी बाजूंनी दिसतं, आणि याच किल्ल्यावर १५५१ मध्ये तुर्की आरमार चालून आलं. किल्ला पडला आणि जवळपास सगळं बेट, पाचेक हजार माणसं, गुलाम करून नेली. पुढे १६३७ पर्यंत कायदाच होता की रात्री सगळ्यांनी किल्ल्याच्या आत झोपायचं. दिवसा शेतात, दिवेलागणीला तटाच्या आत. तटावरून खाली गावांचे दिवे लागताना पाहिले तेव्हा हे आठवून पोटात कालवलं.

आता मुख्य सांगते. पाचव्या दिवशी आम्ही मार्सालफोर्न गावापासून किनाऱ्याने चालत श्वेयनीच्या मिठागरांकडे गेलो. समुद्रकाठच्या सपाट खडकात चौकोनी खाचे खोदलेत, शेकडो, एकाला एक लागून. वरून पाहिलं तर वहीचं पान आखल्यासारखं. बरेचसे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. काही घराणी ते अजून पिढ्यान्पिढ्या सांभाळतात. समुद्राचं पाणी आधी मोठ्या खाच्यांत तापू देतात, मग लहान खाच्यांत सोडतात. उन्हावाऱ्याने आठवडाभरात मीठ धरतं.

एक माणूस गुडघाभर विजार दुमडून, अनवाणी, लांब दांड्याच्या झाडूने मीठ ओढत होता. ओढायचा, थांबायचा, झाडू उलटा करून ढिगाला थोपटायचा. ढीग मांजरीच्या पाठीएवढाच, की लगेच पुढचा खाचा. मीठ ओलं होतं, उन्हात बघवत नव्हतं इतकं पांढरं. ओढताना त्याचा आवाज येत होता, ओल्या तांदळात हात घातल्यासारखा.

हे खडकावर उकिडवे बसले. गुडघ्याचं दुखणं असताना उकिडवे! आणि म्हणाले, "आमच्या शिरोड्याक पण असाच मिठागर आसा गो."

शिरोड्याची मिठागरं मला ठाऊक होती. १९३० च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, हे शाळेत शिकले होते. लग्नानंतर दोनदा त्यांच्या कडेने गाडीतून गेलेही होते. पण माझ्या सासूबाई लग्नाआधी आणि नंतरही चार हंगाम त्या मिठागरात मजुरीला जायच्या हे मला एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी ते तिथे सांगितलं, त्या खडकावर. तिथे खडक नाही, मातीचे बांध. भरतीचं पाणी आत घ्यायचं, आटवायचं, लाकडी दाताळ्याने मीठ ओढायचं आणि बायकांनी टोपल्या डोक्यावर घेऊन वाहायचं. टोपलीतून खारं पाणी मानेवर गळायचं. पायांना चिरा पडायच्या, त्यात मीठ जायचं. आई रात्री पायांना खोबरेल लावून बसायची आणि हा सहा वर्षांचा मुलगा दिवा धरायचा. "तिका दिसूचा नाय ना," म्हणाले. एवढंच. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

सासूबाईंनी माझ्याकडून कधी पाय चेपून घेतले नाहीत. मी नवी सून, मला वाटायचं त्यांना माझा स्पर्श नको आहे. तेरा वर्षं मी हे मनात धरून होते. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत तिथेच गेलो. कुठल्याही सहलीच्या पत्रकात एकाच मिठागरावर दोन दिवस लिहिलेले नसतात. मीठवाल्याने ओळखलं. ह्यांच्याकडे इंग्रजी थोडं, त्याच्याकडे थोडं, पण दोघांचे हात बोलत होते. पाऊस आला तर काय करता, हे ह्यांनी आभाळाकडे बोट दाखवून आणि मूठ उघडून विचारलं. त्याने खाच्याकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात झटकले, सगळं गेलं. हे जोरजोरात मान हलवत राहिले. अगदी तसंच, अगदी तसंच. जाताना त्याने ह्यांच्या हातात झाडू दिला. हे मीठ ओढत होते आणि मी फोटो काढायचा विसरले. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आठ तारखेला शाराची जत्रा होती. मारियाचा जन्मदिवस. आमच्या वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा याच सणाला धरून असते, म्हणजे आम्हाला ती अगदी परकी नव्हती. गावभर पताका, चौकात बँड, चर्चला दिव्यांच्या माळा, रस्त्यात मूर्तीची मिरवणूक, वर फटाके. घरमालकिणीने आम्हाला तिच्या दारात खुर्च्या टाकून दिल्या. मूर्ती समोरून गेली तेव्हा ह्यांचे हात आपोआप जोडले गेले आणि ती बाई ह्यांच्याकडे बघून डोळे पुसत होती.

बाकी दिवसांचं काय? लाल वाळूचा रमला नावाचा किनारा आहे. अरबीत रमल म्हणजे वाळूच. त्याच्या वर एक गुहा दाखवतात आणि सांगतात की ग्रीक कथेतला ओडिसियस कॅलिप्सोपाशी सात वर्षं राहिला तो इथेच. आम्ही सकाळी लवकर जायचो. मी गुडघाभर पाण्यात, हे मानेपर्यंत. द्वेय्राला गेलो, जिथली समुद्रातली दगडी कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. उरलेल्या कड्याशी बसून घरून आणलेला पाव खाल्ला. दुपारी गाव दारं लावून घेतं तेव्हा आम्हीही झोपायचो. संध्याकाळी चौकातल्या बाकावर. तिथले म्हातारे एकमेकांशी फार बोलत नाहीत, पण रोज येतात. चौथ्या दिवसापासून त्यांनी आमच्यासाठी बाकाचं एक टोक मोकळं ठेवलं.

तर रोम राहिलं, व्हेनिस राहिलं. कंटाळा? ह्यांच्याशी सलग आठ दिवस, मध्ये कोणी पाहुणा नाही, बँकेचं काम नाही, दूधवाला नाही, असे मी लग्नापासून काढलेच नव्हते. मला माहीतच नव्हतं की आईची गोष्ट सांगताना हे मालवणीत जातात. दोन-तीन दिवसांत ते बाहेर आलं नसतं. पाचवा दिवस लागला.

मीठवाल्याकडून घेतलेली अर्ध्या किलोची पिशवी ह्यांनी बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली होती. घरी आल्यावर फडताळातून सासूबाईंची चिनी मातीची बरणी काढली, धुऊन उन्हात वाळवली आणि त्यात ते मीठ भरलं. चतुर्थीला मोदकाच्या उकडीचं पाणी मी चुलीवर ठेवलं, तूप घातलं, आणि मिठासाठी हात पुढे केला तर बरणी ह्यांच्या हातात होती. चिमूटभर त्यांनीच घातलं.