मसाल्यांच्या फळ्यांमागची चार टेबले

शिकागोच्या उत्तर भागात रेड लाइनच्या लोयोला स्थानकावर उतरून १५५ क्रमांकाची बस धरली, की ती डेव्हन ॲव्हेन्यूने पश्चिमेकडे जाते, आणि वेस्टर्न ॲव्हेन्यूचा चौक जवळ आला की दुकानांच्या पाट्या बदलू लागतात. साड्या, सोन्याचे दागिने, मिठाई, हलाल मांस, फोनदुरुस्ती अशी ती रांग आहे. या रस्त्याच्या एका भागाला शहराने गांधी मार्ग असे मानाचे नाव दिले आहे आणि दुसऱ्या एका भागाला महंमद अली जिना यांचे. एकाच फेरीत दोन्ही पाट्या दिसतात. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ साली बदलल्यावर आपल्याकडची माणसे इथे येऊ लागली आणि १९७४ साली पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान याच रस्त्यावर उघडले, ज्याच्या शाखा आज अमेरिकेत जागोजागी आहेत.

मी ज्या दुकानाविषयी लिहिते आहे ते मात्र लहान आहे. आत शिरताना एका बाजूला तांदळाच्या वीस पौंडी गोण्या, दुसऱ्या बाजूला कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्या, मधल्या फळ्यांवर एव्हरेस्टचा पावभाजी मसाला आणि त्याला लागूनच कराचीच्या शानचा निहारी मसाला. या फळ्या जिथे संपतात तिथे, पूर्वी माल ठेवत असावेत अशा कोपऱ्यात, चार टेबले, एक काउंटर, मोठा तवा आणि कढई आहे. दुकानाचे मालक साठी ओलांडलेले, कराचीचे. येणारे-जाणारे सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. कढईजवळ सुरतच्या एक बेन उभ्या असतात. फलकावर शेवपुरी, दाबेली, वडापाव आणि बनकबाब, दहीबडे, गोलगप्पे ही नावे एकाखाली एक, कोणताही भेद न करता लिहिलेली आहेत.

आठ वर्षांपूर्वी, जानेवारीच्या बोचऱ्या थंडीत, मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा हातात यादी घेऊन तूरडाळ शोधत होते. माझे लाल झालेले नाक पाहून चाचा म्हणाले, “बेटी, पहले कुछ गरम खा लो, सौदा बाद में ले लेना.” सौदा हा शब्द ऐकून मी क्षणभर थबकले, कारण आपल्याकडे सौदा म्हणजे व्यवहार, घासाघीस. त्यांच्याकडे सौदा म्हणजे घरचे वाणसामान. उलट किराणा हा आपला रोजचा शब्द तिकडे करियाना होऊन दुकानांच्या पाट्यांवर झळकतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

त्या दिवशी त्यांनी मला बनकबाब दिला. कराचीत हातगाडीवर मिळणारा हा पदार्थ आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला नसेल, म्हणून तो कसा करतात ते जरा सविस्तर सांगते. शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि बटाटा यांत भाजलेले जिरे, लाल मिरची आणि धणे घालून चपट्या टिकिया करतात. मांस घातलेला कबाबही असतो, पण तो वेगळ्या ताटात ठेवलेला असतो, आणि त्यात गोमांस आहे की कोंबडी हे चाचा न विचारताच सांगतात. डाळीच्या कबाबासाठी छोटा तवा निराळा आहे. अंडे पांढरा फेस येईपर्यंत फेटायचे, टिकिया त्यात बुडवून तव्यावर सोडायची, म्हणजे तिच्या भोवती जाळीदार, सोनेरी झालर धरते. त्याच तव्यावर पाव मधोमध चिरून, पालथा घालून, चमच्याने दाबत शेकायचा. मग खाली हिरवी चटणी, वर टिकिया, त्यावर कांद्याच्या चकत्या आणि चिंचेची चटणी. कागदात गुंडाळून तो हातात आला तेव्हा बोटांना चटका बसला, आणि पहिल्या घासाला मला डोंबिवली स्थानकाबाहेरचा वडापाव आठवला. चव निराळी होती, घडण तीच होती: स्वस्त पाव, डाळ-बटाट्याचे सारण, तिखट-आंबट चटणी, आणि उभ्याउभ्या खाता येईल असा आकार. गिरणीच्या, गोदीच्या आणि बंदराच्या शहरात कामावर धावणाऱ्या माणसाला हेच लागते.

या साम्याचा मी पुढे बराच विचार केला. सिंध प्रांत १९३६ सालापर्यंत मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे कराची आणि मुंबई ही एकाच इलाख्याची दोन बंदरे होती, आणि कच्छी, मेमन, पारशी, गोवेकर, मराठी अशी माणसे दोन्हीकडे वावरत होती. एकदा बोलता बोलता चाचांनी त्यांच्या लहानपणच्या बंदर रोडवरच्या शाळेचा उल्लेख केला आणि तिचे पूर्ण नाव सांगितले: नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल. शिक्षण खात्यातील या अधिकाऱ्याच्या नावाची, १८५५ साली सुरू झालेली ती शाळा आजही कराचीत आहे. शिकागोच्या कोपऱ्यात, हातात चटणीचा चमचा धरलेल्या उर्दूभाषक गृहस्थांच्या तोंडून ‘नारायण जगन्नाथ’ हे शब्द इतक्या सहजपणे ऐकताना मला जे वाटले, ते मी त्यांना नीट सांगू शकले नाही. मी फक्त आणखी एक चहा मागितला.

सगळेच पदार्थ चांगले असतात असे मी म्हणणार नाही. वडापाव तिथे मिळतो आणि मी तो आता घेत नाही. इथला मोठा पिठूळ बटाटा उकडला की भुगा होतो, त्यामुळे वड्याला आपल्या भाजीचा ओलसरपणा येत नाही. शिवाय त्यात मोहरी, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण यांची फोडणी नसते, धणे आणि गरम मसाला असतो, म्हणजे चवीला ते समोशाचे सारणच. पावात साखर असते. बेनना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी राग मानला नाही. त्यांनी मला दाबेली पुढे केली, आणि ती मात्र उत्तम होती, कारण मसाला शेंगदाण्यांना नीट लागलेला होता आणि डाळिंबाचे दाणे ताजे होते. दहीबड्यांच्या बाबतीत तर मी माझ्या माहेरची बाजूही सोडून देईन. चाचांच्या घरून येणारे बडे पाण्यात पूर्ण भिजून, हलके पिळून, घट्ट दह्यात टाकलेले असतात, आणि वर भाजलेल्या जिऱ्याची जाडसर पूड इतकी सढळ असते की दही तपकिरी दिसते.

पाणीपुरीविषयी थोडे बोलले पाहिजे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ती ताटलीत सहा कोरड्या पुऱ्या, वाटीत सारण आणि पेल्यात पाणी अशी सुटी समोर येते आणि आपण एकट्याने ती भरून खायची असते. पुऱ्या तशाच, पाणी तसेच, पण त्यातला जीव जातो, कारण पाणीपुरी खाण्याची लय भैयाच्या हातात असते: आपला घास संपतो न संपतो तोच पुढची पुरी द्रोणात पडते आणि विचार करायला वेळ उरत नाही. चाचांच्या दुकानात रविवारी संध्याकाळी ते स्वतः हातमोजे घालून, पळीने पाणी भरत, चौघापाचजणांना ओळीने उभे करून पुऱ्या देतात. त्यांच्या गोलगप्प्यांत गरम रगड्याऐवजी उकडलेले काबुली चणे असतात आणि पाणी पुदिन्यापेक्षा चिंचेचे अधिक असते. मला रगडा हवासा वाटतो. तरी रविवार मी चुकवत नाही. शेवटी सुकी पुरी मागण्याची आपली पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. आता मी उभी राहिले की ते सातवी पुरी चाट मसाला भुरभुरून न मागता देतात.

याच दुकानात मला आणखी एक गोष्ट उमगली. उपासाला आपण जे सैंधव वापरतो, ते मी लहानपणापासून देवघराइतकेच आपले मानत आले होते. फळीवरच्या गुलाबी मिठाच्या पिशवीवर खेवडा हे नाव होते. पाकिस्तानातल्या पंजाबमधील ती मिठाची खाण. सैंधव म्हणजे सिंधूच्या देशातले, हे शब्दातच लिहिलेले होते आणि मी कधी वाचले नव्हते. भारताने २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसवली तेव्हा आईने फोनवर सैंधव महागल्याची तक्रार केली होती. इथे ती पिशवी साबुदाण्याच्या शेजारीच, एकाच फळीवर असते.

गेल्या रमजानमधल्या एका एकादशीला मी तीच पिशवी घ्यायला गेले होते. सूर्यास्त जवळ आला होता. टेबलांवर भजी, फळांची चाट आणि दह्यात सोडलेल्या फुलक्या, म्हणजे बेसनाची छोटी भजी, मांडून ठेवल्या होत्या, आणि टॅक्सी चालवणारे तीन-चार जण घड्याळाकडे पाहत गप्प बसले होते. मीही बसावे असा चाचांनी आग्रह केला, तेव्हा मी सांगितले की आज माझाही उपास आहे, भजी चालणार नाहीत. त्यांनी उपासाला काय चालते ते एकेक करून विचारले. फळे चालतात, पण चाट मसाला नाही. दही चालते, पण फुलक्या नाहीत. वेळ झाली तेव्हा त्यांनी आपल्या ताटलीतले खजूर आधी माझ्यापुढे धरले, आणि मी एक उचलल्यावर मग स्वतः एक तोंडात टाकला. नंतर आत जाऊन त्यांनी एक सफरचंद आणि दोन केळी चिरून आणली, वर माझ्याच पिशवीतले चिमूटभर मीठ घातले, आणि पिशवीचे तोंड रबराने बांधून ती माझ्या सामानात परत ठेवली.